सांभारवालीच्या नावावर फुलवालीचे खडे

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी अकोल्यातल्या एका खासगी रुग्णालयात डॉक्टरांनी संगणकावर माझ्या आईची जुनी माहिती उघडली. तिच्या नावाखाली दुसऱ्या बाईचे आजार आले. खोलीत डॉक्टर, परिचारिका आणि माझी धाकटी बहीण होती. कोणालाही ते कळलं नाही. आई खाटेवर होती आणि तापात बरळत होती.

मी तेव्हा अमरावतीत, वर्तमानपत्राच्या कचेरीत होते. त्या तासाभराची हकिगत मी आधी बहिणीकडून ऐकली आणि नंतर परिचारिकेला विचारून ताडून घेतली. दोघींच्या सांगण्यात एकच फरक आहे. इंजेक्शन भरलेली सिरिंज परिचारिकेच्या हातात होती, असं बहीण म्हणते. ती ट्रेमध्ये होती, असं परिचारिका म्हणते.

आई वलगावात राहते. काळ्या मातीच्या तुकड्यात पालक, मेथी आणि सांभार लावते. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. निंदण करताना तिच्या पायाच्या बोटाला खुरपं लागलं. तिला साखरेचा आजार आहे. जखमेवर हळद दाबून, चिंधी बांधून, कोणाला न सांगता ती बहिणीकडे अकोल्याला गेली. तिथे पाय घोट्यापर्यंत सुजला, काळानिळा झाला आणि ताप चढला, तेव्हा बहिणीने चिंधी सोडली.

रुग्णालयात बहिणीने सगळं सांगितलं. साखर आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आणि शेवटी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, मायले चांदूरचं इंजेक्शन चालत नाई."

डॉक्टरांनी विचारलं, "चांदूरचं म्हणजे कोणतं?"

बहिणीला ते माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं.

मी शाळेत होते, बहीण पाळण्यात होती. आईच्या घशाला गळू झालं म्हणून वडिलांनी तिला चांदूर रेल्वेच्या एका डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी आधी कातडीखाली थोडंसं औषध टोचलं आणि बाहेर बसायला सांगितलं. आम्ही बाकावर बसलो. आईने माझं मनगट धरलं होतं. आधी ती ओठ खाजवायला लागली. मग ओठ सुजले. ती "माय वो, दम" असं काहीतरी म्हणाली आणि तिची बोटं माझ्या मनगटावरून सुटली. डॉक्टर आतून धावत आले. ती वाचली. औषधाचं नाव पेनिसिलिन होतं. आईने ते कधी पाठ केलं नाही. पुढे प्रत्येक दवाखान्यात ती एकच वाक्य बोलत आली: चांदूरचं इंजेक्शन मले चालत नाई. वलगावच्या आणि अमरावतीच्या ओळखीच्या डॉक्टरांना ते कळत असे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी बहिणीला विश्वास दिला की अंदाजावर काही करायचं नाही. आईचा सरकारी आरोग्य क्रमांक होता. बहिणीने आईचा अंगठा लावून संमती दिली आणि अमरावतीच्या ज्या खासगी रुग्णालयात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिथली माहिती काही क्षणांत पडद्यावर आली. औषधाची अ‍ॅलर्जी: नाही. मागच्या वर्षी पेनिसिलिन दिलं: त्रास नाही.

बहिणीचा फोन आला तेव्हा मी बातमीचा मथळा लावत होते.

"ताई, चांदूरचं इंजेक्शन म्हंजे कोनतं वो?"

"पेनिसिलिन. काहून?"

"थेच देऊन राहिले. डॉक्टर म्हनते, मागच्या साली अमरावतीले देल्लं होतं, काईच झालं नाई. कम्प्युटरवर हाय."

"मागच्या साली कशासाठी देल्लं?"

"पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं ना मायचं, तवा."

"मायचं डोळ्याचं झालं. खड्याचं नाई झालं."

ती म्हणाली, "मले वाटलं तुमी मले सांगतलं नसन."

मी डॉक्टरांना फोन द्यायला सांगितलं. त्यांचा आवाज शांत होता. "मॅडम, ही नोंद थेट तिकडच्या रुग्णालयातून आली आहे. कोणी हाताने लिहिलेली नाही."

मी म्हटलं, "आईचं पोट बघा."

"काय?"

"पित्ताशय काढलं असेल तर व्रण असतील. पोट बघा."

पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. बहिणीच्या बांगड्या वाजल्या. फोन कट झाला असं वाटून मी कानापासून दूर धरून पाहिला. तो चालू होता.

"व्रण नाही," डॉक्टर म्हणाले. मग परिचारिकेला म्हणाले, "ते ठेवून द्या."

मी बडनेऱ्याहून गाडी पकडून दिवेलागणीला अकोल्याला पोचले. डॉक्टरांनी माझ्यासमोर अ‍ॅलर्जीचा रकाना बदलला. आईच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. दुसऱ्या गटातलं औषध सुरू झालं. आई डोळे न उघडता म्हणाली, "सांभारले पानी देल्लं का?" मी दिलं म्हटलं. ते मला माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी पाळी बदलली. नवीन परिचारिका ट्रे घेऊन आली. बहीण चहा आणायला खाली गेली होती. मी बाटलीवरचं नाव वाचलं. ते ओळखीचं नव्हतं. मी विचारलं, "हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे का?"

ती म्हणाली, "त्यांना अ‍ॅलर्जी नाही ना?"

"आहे. लाल पट्टी बघा."

पट्टी नव्हती. सलाईनचा हात सुजला म्हणून पहाटे कोणीतरी ती कापली होती. परिचारिकेने संगणक माझ्याकडे वळवला. काल बदललेल्या रकान्यात पुन्हा "नाही" होतं. नवीन डॉक्टरांनी सकाळी तो बघूनच औषध बदललं होतं. तिने बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. मग माझ्याकडे न बघता ट्रे उचलला आणि बाहेर गेली. औषध त्याच घराण्यातलं होतं.

बहीण चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं. तिने पर्समधून बॉलपेन काढलं आणि आईच्या सलाईन नसलेल्या हातावर, कोपराखाली, तुळशीच्या जुन्या गोंदणाच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: पेनिसिलिन नाही. आईने डोळे उघडले.

"काय करून राहिली वो?"

"तुह्या हातावर नाव लिहून राहिली, माय. जत्रेत हरपू नये म्हनून."

"मंग माह्यावालं लिही. दुसरीचं नको लिहू."

तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. बहीण बाहेर जाऊन रडली. दुपारी परिचारिकेने स्पिरिटने हात पुसला, तेव्हा तिने ते पुन्हा लिहिलं.

रुग्णालयाचा संगणक विभाग तळमजल्यावर होता. तिथल्या माणसाने मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. दोन दवाखान्यांच्या संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम ठरलेले आहेत. कोणत्या रकान्यात काय येईल, कोणत्या आजाराला कोणता सांकेतिक आकडा, रक्तगट कसा लिहायचा, हे सगळीकडे सारखं असतं. म्हणून अमरावतीची माहिती अकोल्यात जशीच्या तशी वाचता येते. आईची माहिती सकाळी पुन्हा उघडली गेली, तेव्हा ती पुन्हा अमरावतीहून आली, आणि तिने कालची दुरुस्ती झाकली.

"मग इथे किती वेळा दुरुस्त केलं तरी?"

"परत येणार. जिथून निघते तिथे दुरुस्त करावं लागेल."

बातमीदाराची चुकीची बातमी टेबलावर आली तर कुठेतरी तिचा शेपटा दिसतो. गावाचं नाव वेगळं लागतं, वयात खाडाखोड असते, वाक्य मध्येच अडखळतं. मी त्या पडद्यावरच्या माहितीची प्रत मागून घेतली आणि अमरावतीच्या गाडीत दोनदा वाचली. एकही शब्द चुकलेला नव्हता. नाव आईचं, वडिलांचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, गाव वलगाव. त्याखाली खडे, शस्त्रक्रिया, रक्तगट, दिलेली औषधं, सगळं ओळीने. डोळ्याचं ऑपरेशनही होतं. साखरही होती. दोन बायका एका अंगात नीट बसल्या होत्या.

अमरावतीच्या रुग्णालयातल्या माहिती कक्षात मला एका माणसाकडे पाठवलं. त्याने प्रत बघितली, संगणकात शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, आमच्याकडून बरोबर गेलं आहे. ही हिरवी खूण बघा."

"काय बरोबर गेलं?"

"निरोप. पोचला, उघडला, वाचला."

"त्यात दुसऱ्या बाईचं ऑपरेशन आहे."

"ते वेगळं झालं. साचा बरोबर आहे."

मग तो स्वतःच थांबला आणि जुन्या नोंदी उघडायला लागला. दुसऱ्या बाईचं नाव आईचंच होतं. तिच्या नवऱ्याचं नाव वडिलांचंच होतं. आडनाव तेच, गाव तेच. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी, साल एकच. मोबाइल क्रमांकही एकच.

बाई कोण हे मला तिथेच कळलं. गावात तिला फुलवाली म्हणतात. तिचं घर झेंडू आणि शेवंती लावतं. आईला सांभारवाली म्हणतात. दोघींची नावं सासरी ठेवलेली आहेत. जन्मतारीख दोघींनाही माहीत नाही. आधार कार्ड काढताना अंदाजाने वय सांगितलं, आणि दोघींना वर्षाचा पहिला दिवस मिळाला. मोबाइल दोघींकडे नव्हता. गावात तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा ज्या बाईकडे फोन नाही तिने बचत गटाच्या अध्यक्षीण बाईंचा क्रमांक दिला. तशी आमच्याकडे पद्धतच आहे. गॅसचा निरोप, रेशनचा निरोप, सगळे त्याच फोनवर येतात आणि अध्यक्षीण बाई संध्याकाळी घरोघर जाऊन सांगतात. वलगावात आजवर सांभारवालीचा निरोप फुलवालीकडे गेलेला नाही.

संगणकाने चार गोष्टी जुळवल्या होत्या: नाव, स्त्री, जन्मतारीख, मोबाइल. चारही जुळल्या म्हणून त्याने दोन बायका जोडल्या. जोडताना आईच्या नोंदीतली पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झाकली गेली आणि दुसरीचं "नाही" वर आलं.

"आता वेगळ्या करा," मी म्हटलं.

"दोघींची संमती लागेल. त्या बाईंची माहिती तुमच्या सांगण्यावरून मी हलवू शकत नाही."

"जोडताना कोणाची घेतली?"

"जोडलं सिस्टिमने, मॅडम. तोडायला माणसाची सही लागते."

आईची संमती बहिणीने अकोल्याहून आईचा अंगठा लावून दिली. मी वलगावला निघाले. रिक्षात बहिणीचा फोन आला. आईचं बोट काळं पडलं होतं, ते काढावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते. ऑपरेशनच्या खोलीत बहिणीला जाता येणार नव्हतं. तिथला भूल देणारा डॉक्टर तिसराच होता, आणि तोही माहिती संगणकावर बघणार होता. "हातावर लिवलेलं त्याले दिसन ना वो, ताई? थे हिरवं कापड टाकते ना अंगावर." मी दिसेल म्हटलं. रिक्षावाल्याला मी पत्ता दुसऱ्यांदा सांगितला.

फुलवाली ओसरीत झेंडूच्या माळा करत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सुई हातात धरून ऐकत राहिली, मग हसायला लागली.

"माह्यावाले खडे तुह्या मायले भेटले म्हन! गंज वर्सापासून माह्या सारखंच नाव लावून फिरते थे. खडे नेले तं नेले, आता माह्यी सून बी घेऊन जा म्हना."

आतून सून म्हणाली, "मी तयारच हाव, आत्याबाई. तिकडं सांभार तरी निवडाचा हाय, इथं तं तुमचं तोंड पाहाचं हाय."

फुलवालीने हसत उठायला म्हणून खांबाला हात लावला आणि तिथेच थांबली. डोळे मिटले. सुनेने धावत येऊन तिला बसवलं.

"हे कायचं?" मी विचारलं.

"चक्कर वो. हे असंच होऊन राहिलं. मागच्या महिन्यातल्या शिबिरात डॉक्टरीन बाईनं मोबाइलवर पाहून सांगतलं, तुमाले शुगर हाय, गोळी काहून बंद केली? मी म्हनलं, बाई, मले कधी होती? थे म्हने, हे काय, लिवलेलं हाय ना. तवापासून घेतो मी गोळी."

सुनेने गोळ्यांची पट्टी आणली. आईच्या उशाशी जी असते तीच होती. अर्ध्याहून जास्त रिकामी.

तोवर मी एकाच बाजूने विचार केला होता. मी फुलवालीला सांगितलं की ही गोळी आता घेऊ नका आणि आजच रक्त तपासून घ्या. सुनेने देव्हाऱ्यातली साखर आणून तिच्या तोंडात टाकली. फुलवालीचं हसू गेलं होतं.

"म्हंजे मी तुह्या मायची गोळी खाऊन राहिली?"

"हो, काकू."

"आन् थे माह्यं इंजेक्शन घेनार होती."

"हो."

तिने टोपली बाजूला सारली. "लाव फोन."

अंगठ्याचं यंत्र इथे नव्हतं, म्हणून संमतीचा आकडा अध्यक्षीण बाईंच्या फोनवर जाणार होता. त्या घरच्या मंगनीसाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, चांदूर रेल्वेला गेल्या होत्या. सुनेच्या फोनवरून फोन लागला. मागे बायकांचा गलका होता. मी म्हटलं, आता तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मला सांगा.

"ओटीपी? नाई बाप्पा. थो कोनालेच सांगाचा नाई."

"काकू, मी बोलते. सांभारवालीची मोठी पोरगी."

"आवाज तं तसाच वाटते. पन चोरही आवाज काढते म्हने. तूच तं पेपरात छापलं होतं, सख्ख्या भावालेही सांगू नका म्हनून."

ते मीच छापलं होतं. बोलण्यात वेळ गेला आणि आकड्याची मुदत संपली. मी माहिती कक्षातल्या माणसाला दुसरा पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, कार्यालय बंद व्हायची वेळ झाली आहे. बहिणीचा निरोप आला: नेऊन राहिले.

फुलवालीने माझ्या हातातून सुनेचा फोन घेतला.

"अवं ए, अध्यक्षीण! मी फुलवाली. मले ओळखतं का नाई? तुह्या घरच्या मंगनीले हार कोनाचे गेले? सांग थो आकडा. सांभारवाली तिकडं कापाच्या टेबलावर हाय, आन् तू इथं चोर पकडून राहिली!"

अध्यक्षीण बाईंनी आकडा सांगितला. फुलवालीला आकडे वाचता येत नाहीत, पण ती ऐकून एकेक मोठ्याने म्हणत गेली, आणि मी माझ्या फोनवर ते माहिती कक्षातल्या माणसाला सांगत गेले. मध्ये एक आकडा चुकला. तो परत घेतला.

"झालं," तो म्हणाला. "वेगळ्या झाल्या."

मी अकोल्याला फोन केला. बहीण उचलत नव्हती. पुन्हा केला. फुलवाली माझ्याकडे बघत होती. सून दारात उभी होती. चौथ्या वेळी परिचारिकेने उचलला. बहिणीने फोन तिच्याकडे ठेवून दिला होता. मी म्हटलं, पडद्यावर बघा. तिने बघितलं. अ‍ॅलर्जी: पेनिसिलिन. मी म्हटलं, आत सांगा. ती म्हणाली, आत आधीच माहीत आहे, हातावर वाचून त्यांनी बाहेर येऊन विचारलं होतं.

आईच्या डाव्या पायाचं एक बोट काढलं. पेनिसिलिन दिलं गेलं नाही. फुलवालीच्या रक्तातली साखर त्याच संध्याकाळी अमरावतीत तपासली, ती कमी भरली. तिला साखरेचा आजार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पोळ्याच्या दिवशी तिने आईसाठी अकोल्याला शेवंतीचा हार पाठवला. तो बहिणीने सलाईनच्या खांबाला लावला.

अमरावतीच्या रुग्णालयाला मी लेखी विचारलं की जोडलेली माहिती अकोल्याखेरीज आणखी कुठे गेली. उत्तर आलं की संमतीने मागणी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती गेली असू शकते आणि दुरुस्तीचा निरोप सर्वत्र पाठवण्यात आला आहे. तो सगळीकडे उघडला गेला का, याचा उल्लेख उत्तरात नव्हता. अकोल्याच्या तळमजल्यावरच्या माणसाला मी ते दाखवलं. तो म्हणाला, नवीन नोंद आली की आमच्याकडे ती आपोआप लागते, जुनी काढा असा निरोप आला तर तो प्रत्येक सिस्टिमला कळेलच असं नाही.

दिवाळीनंतर मी आईला पाय दाखवायला अकोल्याला घेऊन गेले. जखम भरली होती. पहिल्या दिवशीचेच डॉक्टर होते. त्यांनी संगणकावर आईची माहिती उघडली आणि पडदा आमच्याकडे वळवला. अ‍ॅलर्जी: पेनिसिलिन. त्याखाली, मागच्या वर्षी पेनिसिलिन दिलं: त्रास नाही. त्याखाली, पित्ताशयाची शस्त्रक्रिया.

डॉक्टरांनी आईला खाटेवर झोपायला सांगितलं आणि पोट तपासलं. व्रण नव्हता.